डाव्या गालावरचं ऊन

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे, पायानं चालवायची. अंग ओतीव लोखंडाचं. मानेवरची सोनेरी नक्षी आता अर्धी पुसली आहे. कारखान्यातून निघाले ती थेट एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी आले. सगळे त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणते.

बारीक टाक्याला उजेड हवा, म्हणून मावशींनी मला खिडकीशी ठेवलं. काचेतून ऊन यायचं आणि माझ्या सुईवर थांबायचं. मी थक्क व्हायचे. कुठला तो सूर्य! तिथून निघालेला उजेड आठ मिनिटांत एवढी वाट तुडवून येतो आणि सुईचं इवलंसं नेढं दाखवतो.

त्याहून नवल मावशींच्या कातडीचं. बोटात सुई घुसली, तरी चार दिवसांत खूण उरत नसे. माझ्यावरचा ओरखडा कायमचा. कातडी मात्र स्वतःच स्वतःला शिवायची, तीही दोऱ्याविना!

मग मावशींना ल्युपस झाला. शरीराची राखण करणारी शक्तीच शरीरावर उलटते, असा हा आजार. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण मावशींना ऊन सोसेना. गालावर, हातावर लाल, खरखरीत चट्टे उठले. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, मलम दिलं, उन्हापासून जपणारं क्रीम दिलं. मावशी एकही गोळी चुकवत नसत. बाहेर पडताना क्रीम, मोठी टोपी, हातमोजे.

"वहिनी, भाजी आणायला चाललीस की मधमाश्या पकडायला?" मावशींची नणंद चिडवायची.

"तू चल पुढे, आधी तुलाच चावू देत!"

तरी चट्टे वाढतच राहिले. एक दिवस मावशी माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "देऊन टाकते हिला. कामच झेपेनासं झालंय मला."

माझं चाक जागीच थिजलं.

नणंद त्यांच्याकडे निरखून पाहत होती. "वहिनी, चट्टे डावीकडेच का गं जास्त?"

डावीकडे खिडकी होती.

"अगं, पण खिडकी तर बंद असते!"

"आणि क्रीम?"

"ते शिवायला बसण्याआधी धुऊन टाकते. लोकांच्या कापडाला डाग पडला म्हणजे?"

नणंदेनं कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरबाईंकडे जाऊन आल्या. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, बाधणारे काही किरण काचेतूनही आरपार येतात. मशीन देऊ नका, हलवा!

दोघींनी मला ओढत आतल्या भिंतीशी नेलं. "काय खाते गं ही? हिच्यापेक्षा हत्ती बरा!" नणंद धापा टाकत म्हणाली. वर दिवा लावला. मग मावशींनी घट्ट विणीचं सुती कापड घेतलं आणि पूर्ण बाह्यांचा झगा बेतला. चेहऱ्यावरचं क्रीम तसंच ठेवलं, बोटं तेवढी पुसली. आजवर शेकडो अंगांचे कपडे माझ्याखालून गेले. मावशींच्या मापाचा हा पहिलाच.

चट्टे ओसरायला कित्येक महिने लागले. कानापाशी एक व्रण राहिलाच. आजार गेलेला नाही. गोळ्या, क्रीम, त्या गोळ्यांसाठी करावी लागणारी डोळ्यांची तपासणी, सगळं चालू आहे. पण गालावरची लाली रोज कणाकणानं फिकी होताना मी पाहिली, आणि माझं लोखंडी अंग शहारलं.

मित्रांनो, मला तेल द्यायला विसरलात तरी चालेल. पण घरात सगळ्यांना जपणारं जे कुणी असेल ना, ते स्वतः दिवसभर कुठे बसतं, एवढं एकदा जाऊन पाहा.