वाघोबाचा फोटो

"सासऱ्यानं कोयता काढलाय ताई," विकायला आणलेली करांद्यांच्या कंदांची पाटी दारात उतरवत देवकी हसली, "आज आमच्या देवाचा फोटो ना!"

शेवंताच्या हातातली बशी तशीच राहिली.

शेवंता ठाण्याच्या नकाशा कचेरीत ट्रेसर. अंबाडीपलीकडच्या देवकीच्या पाड्यावर वाघोबाची राई होती, आणि खडीची खाण तिच्या कडेला येऊन टेकली होती. खाणवाला म्हणे, राई कसली, चार झुडपं आहेत. कागदावरही जागा पडीकच. म्हणून शेवंतानं साहेबांच्या मागे लागून उपग्रहाचं चित्र मागवायला लावलं होतं. पाड्यावर निरोप गेला तो एवढाच: बुधवारी सकाळी आभाळातून फोटो निघेल, त्यात राई दिसली तर खाण थांबेल.

"अगं, पण कोयता कशाला?"

"वरचा पाला काढाया. देव दिसंल कसा न्हायतर? लग्नात तुमी मुंडावळ्या सारूनच फोटो काढता ना?"

शेवंतानं चपला घातल्या त्या उलट्या. देवकीला ओढतच एसटीत बसवलं. शेलारला यंत्रमागाच्या सुताच्या बिमांचा ट्रक रस्त्यात आडवा. शेवंता उठे, बसे, खिडकीतून आभाळ बघे. एक फांदी गेली तर वरून कळणारही नाही, हे तिला ठाऊक होतं. पण ही माणसं अख्खा माथाच उघडा करायला निघाली होती. खाणवाल्याला तरी दुसरं काय हवं होतं? बघा, तेच तोडतात!

राई उभी होती. गच्च, हिरवी, अंधारी. कौल मिळेपर्यंत आत लोखंड न्यायचं नाही, म्हणून कोयते कडेला मांडलेले. आत देवकीचा सासरा बारक्या भगत कौल लावून बसला होता. शेंदरी दगडाच्या दोन्ही अंगांना तांदळाचा एकेक दाणा. उजवा पडला तर तोडायचं, डावा पडला तर नाही.

"सकाळधरनं एक पन पडत न्हाय," कुणीतरी कुरकुरलं.

शेवंता देव मानणाऱ्यांतली नव्हती, पण त्या उजव्या दाण्यावरून तिचीही नजर हलेना.

"बाबा, तो कॅमेरा देव बघत नाही. पाला बघतो."

"पाल्याचा फोटो कोन काढतंय, बाय?"

"हाच काढतो. पाला जितका गच्च, तितकी जागा चित्रात लाल येते."

"लाल?" बारक्यानं मान वर केली. "शेंदरावानी?"

'इन्फ्रारेड' हा कचेरीतला जड शब्द शेवंताच्या जिभेवर आला होता. तिनं तो गिळला.

"शेंदरासारखीच."

बारक्या दगडाकडे बघत राहिला, मग वरच्या पाल्याकडे. "म्हंजे झाकलेलाच दिसतोय की तो." त्यानं दाणे काढून घेतले. "कोयते घरी न्या रं."

"आनि कौल?"

"त्यो सकाळीच दिलाय. आपल्याला उमगला न्हाय."

शेवंतानं राईबाहेर येऊन वर पाहिलं. वाडा गावाच्या अंगानं एक पांढरा ढग निवांत सरकत येत होता. नेमका आत्ता.

"ह्याचं काय करायचं?" देवकी म्हणाली.

शेवंताला ते कुठल्याच कचेरीत कुणी शिकवलं नव्हतं. बारक्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि आभाळाकडे झटकला. "ए, सर की बाजूला! फोटो हाय!"

मग अख्खा पाडाच ओरडायला लागला. सरकारी नोकर शेवंतानं इकडंतिकडं बघितलं, आणि पदर सोडवून तीही हलवू लागली.