कोपराखालचा ओटा

खोटं बोलायची वेळ आली की आमचे चिरंजीव हातात काम घेतात. ही लहानपणापासूनची खोड. शाळेत नापास झाला तेव्हा घरी येऊन एक अक्षर न बोलता अंगण झाडलं, आणि झाडून झालं तर पुन्हा झाडलं. कारखाना बंद पडून नोकरी गेली तेव्हा सायकल पुसत बसला. सायकल आरशासारखी झाली आणि बातमी मला शेजारच्या शिंपीणबाईंकडून कळली. दुसऱ्यांच्या मुलांना पत्त्यांचा नाद, बाटलीचा नाद. माझ्या मुलाला कामाचा, म्हणून बायका मला नशीबवान म्हणतात. त्यांना काय ठाऊक, याच्या हातात झाडू दिसला की मी वाईट बातमीची वाट बघायला लागते.

तर या चिरंजिवांनी एका सकाळी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आई, आपण स्वयंपाकघर नवीन करू या."

"कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? तुझ्यासाठी. किती वर्षं त्या काळ्या ओट्यापुढे उभी राहणार तू?"

"ओट्याने काही तक्रार केली का तुझ्याकडे? मला तर कधी बोलला नाही."

तो हसला, पण माझ्याकडे बघून नाही. टेप घेऊन भिंत मोजायला लागला होता. काहीतरी दडवतोय हे मला कळलं ते तेव्हाच. पण मी विचारलं नाही. माझ्या वयात विचारायची घाई नसते. विचारलं की उत्तर मिळतं.

आमचं स्वयंपाकघर जुनं होतं, घाण नव्हतं. हे मी ठासून सांगते. धुराने छत पिवळं पडलं होतं, फडताळाच्या एका दाराची बिजागरी गेली होती म्हणून ते उचलून लावावं लागे, आणि खिडकीखालच्या भिंतीला ओल होती. पण ओट्यावर दूध सांडलं तर तोंड लावून प्यावं, इतका तो स्वच्छ. तो ओटा ह्यांनी बांधून घेतला होता. हे म्हणजे आमचे हे, चिरंजिवांचे वडील, आता नाहीत. घर बांधत होते तेव्हा मला रिकाम्या खोलीत भिंतीशी उभी केली, म्हणाले, "पीठ मळतेस तसे हात कर." समोर पीठ नाही, परात नाही, गवंडी विडी ओढत बघतोय, आणि मी वेड्यासारखी हवा मळतेय. ह्यांनी माझ्या कोपराखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि गवंड्याला म्हणाले, "दगड इथे बसला पाहिजे." गवंडी म्हणाला, "फार खाली होतंय, मालक." हे म्हणाले, "मळणार ती आहे. तू नाहीस."

मी बुटकी आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही, ते लांबूनही दिसतं. जत्रेत हरवले असते तर कुणाला सापडलेही नसते, असं हे म्हणायचे. पण त्या ओट्यापुढे मी कधी बुटकी नव्हते.

आता नवीन करायचं म्हणजे माणसं लावावी लागतात. माणसं लावायची तर खिसा लागतो. चिरंजिवांकडे खिसा होता, आत काही नव्हतं. म्हणून मग सगळं घरीच. गुरू कोण, तर फोनमधला एक माणूस. तो फोनमध्ये भिंत घासतो, रंग देतो, टाइल लावतो, आणि शर्टावर डाग नाही. मी म्हटलं, "याने जन्मात थापी धरलेली नाही."

"आई, लाखो लोक बघतात त्याला."

"बघणारच. बघायला काय जातं? उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्या सोडून सगळे बघतात."

सूनबाई तोंडाला पदर लावून हसली. चांगली आहे ती. माझ्याहूनही बोटभर बुटकी. लग्न ठरलं तेव्हा शिंपीणबाई म्हणाल्या होत्या, घरात उंची यायला हवी होती. मी म्हटलं, उंची शिडीलाही असते.

भांडीकुंडी पुढच्या खोलीत आली. शेगडी खाटेशेजारी. मी जमिनीवर बसून स्वयंपाक करायला लागले आणि आत चिरंजीव घर खाली करत असल्यासारखे आवाज. फडताळाला रंग द्यायचा तर आधी पॉलिश पेपरने घासावं लागतं, तर यांनी तेलकट लाकडावरच रंग फासला. रंग सुकला आणि सालीसारखा निघाला. मग घासलं. मग पुन्हा रंग. ओल्या भिंतीवर पुट्टी भरली, ती फुगली. मी दारात उभी राहून बघायची आणि म्हणायची, "भिंत आतून ओली आहे, वरून पावडर लावून काय होणार?" तो म्हणायचा, "थोडे दिवस टिकलं तरी पुरे."

थोडे दिवस. ते शब्द मी उचलून ठेवले. जपून ठेवण्याची सवय आहे मला, दोऱ्याचा तुकडासुद्धा टाकत नाही.

मग एका दुपारी शिंपीणबाईंकडे गाठोडं द्यायला गेले होते, परत आले तर ओटा हललेला. मित्राकडून गाडी उचलायचा जॅक आणून चिरंजिवांनी माझा दगड वर उचलला, खाली विटांचे थर टाकले आणि दगड पुन्हा त्यावर बसवला. बसवताना दगड नळाजवळ आडवा तडकला. इतकी वर्षं त्यावर मी नारळ फोडले, मुसळ आपटलं, त्याला ओरखडा नव्हता.

"अरे, हे काय?"

"उंची वाढवली, आई. जुन्या घरांत ओटे फार खाली असतात. चांगलं दिसत नाही."

"आणि ही भेग?"

"ती झाकली जाणार. वरून संगमरवराचा स्टिकर येतो. भेग दिसणारच नाही."

स्टिकर आला. कागदाची गुंडाळी, वर दगडाचं चित्र. दगडावर दगडाचं चित्र चिकटवायचं ही अक्कल फोनशिवाय येत नाही. चिकटवून झाल्यावर मला सूचना मिळाली, "फक्त गरम भांडं ठेवू नकोस त्याच्यावर. उकलतो."

"स्वयंपाकघराच्या ओट्यावर गरम भांडं नाही ठेवायचं, तर काय ठेवायचं? फुलदाणी?"

दुसऱ्या दिवशी बाजारातून एक काचेचा वाडगा आला. त्यात लिंबं. मी एक उचललं, बोटाने दाबलं. प्लास्टिकचं होतं.

परात आणली, पीठ घेतलं, आणि नव्या ओट्यापुढे उभी राहिले. पीठ मळायचं तर अंगाचा भार हातांवर यावा लागतो. इथे परात माझ्या छातीशी आली. कोपरं पाखरासारखी वर. दोनदा दाबलं, खांद्यात कळ आली. पीठ तसंच कोरडं. मी टाचा उंचावल्या, मग लाज वाटली. स्वतःच्या घरात माणूस टाचा उंचावतं का?

"ही उंची कुणाच्या मापाची?" मी विचारलं.

तो टाइलच्या सांध्यात पांढरं सिमेंट भरत होता. "स्टँडर्ड आहे ती. सगळीकडे तेवढीच असते."

"मला नको सगळीकडचं. या घरात तेवढ्या उंचीचं कोण आहे? मी नाही. तुझी बायको नाही. तू चहा सोडून इथे काही करत नाहीस. मग ओटा कुणासाठी उचललास?"

त्याने सिमेंटचा बोळा असा काही दाबला की सगळं टाइलवर पसरलं.

सूनबाई मागे उभी होती. तिच्या हातात माझ्या मसाल्याचा डबा होता, तो तिने दोन्ही हातांनी धरला. म्हणाली, "आई, तुम्ही जरा बाहेर चला."

बाहेर खाटेवर बसून तिने सांगितलं. दुसऱ्या शहरात त्याला काम मिळालंय. लांब आहे. तिथे राहायला जागा घ्यायची तर हे घर विकावं लागणार. जागा म्हणजे एक खोली आणि तिच्यातच शेगडी. मला माझ्या लेकीकडे ठेवायचं ठरलंय. लेकीने पुढच्या खोलीतलं कपाट हलवलंय, खाट टाकलीय. उद्या घर बघायला माणसं येणार आहेत.

"लेकीलाही ठाऊक आहे तर."

"हो."

"शिंपीणबाईंना?"

सूनबाईने मान खाली घातली. म्हणजे गल्लीला ठाऊक, गल्लीतल्या कुत्र्याला ठाऊक. ज्याचं लग्न त्यालाच आमंत्रण नाही.

"ते रोज म्हणत होते, आज सांगतो," ती म्हणाली. "मग सकाळी उठून काम काढायचे."

घर त्याच्याच नावावर आहे. मागे भांडणं नकोत म्हणून ह्यांनी जिवंतपणीच करून ठेवलं. नाहीच झाली भांडणं. भांडायला काही ठेवलंच नाही. आणि भांडून तरी काय? कारखान्याला कुलूप आहे, गावात दुसरं काम नाही, दोघं तरुण आहेत. मी हिशेबात कुठे बसते ते मलाही दिसत होतं. लेक चांगली आहे. तिच्या घरी मला चहा हातात मिळेल, आणि कप उचलायला गेले तर म्हणेल, राहू दे गं आई, मी करते. त्या 'राहू दे'ला मी घाबरते. मरणाला नाही एवढी.

मी उठले आणि आत गेले. तो अजून टाइलपुढे बसला होता. पसरलेलं सिमेंट सुकत आलं होतं, टाइलवर पांढरे फराटे. उद्या लोक येणार आणि हे बघणार. म्हणणार, काय बाई राहत होती इथे.

मी फडकं ओलं करून पिळलं. "सरक. ओलं असतानाच पुसायचं असतं. सुकलं की नखानेही निघत नाही."

"आई, मी..."

"खालची ओळ तू घे. मला वाकवत नाही."

आम्ही पुसत गेलो. तो खाली, मी वर. सूनबाई पाणी बदलून देत होती. स्टिकरवर नळाजवळ फुगा आला होता, खाली भेग होती तिथेच. तो बोटाने दाबत होता आणि फुगा इकडून तिकडे पळत होता. मी सुई आणली, टोचली, कोरड्या फडक्याने हवा बाहेर काढली. सपाट झाला. भेग कुठे आहे ते आता मलाही शोधावं लागलं असतं. फडताळाचं दार उचलून लावायचं तेही त्याला दाखवलं, नाहीतर उद्या पाहुण्यांच्या हातात आलं असतं. माझं घर जायचंच आहे तर नीट जावं. फाटक्या कपड्यात मी कुणाला दारातून पाठवलेलं नाही.

काम करताना तो एकदा म्हणाला, "तुला त्रास होईल म्हणून सांगितलं नाही."

मी म्हटलं, "कोपऱ्यात राहिलं बघ तिकडे."

सकाळी माणसं आली. नवरा-बायको. नवरा छत बघत फिरला, भिंतीवर बोटं वाजवली. ओल्या भिंतीपुढे चिरंजिवांनी आधीच कपाट सरकवलं होतं. बायको उंच होती. शिडशिडीत, लांब हातांची. चपला दारात काढून आत आली, तेवढं मला आवडलं. ओट्यापुढे उभी राहिली, दोन्ही हात टेकवले. कोपरं बरोबर जिथे असायला हवीत तिथे. जणू तिलाच भिंतीशी उभी करून रेघ मारली होती.

"ओटा अगदी छान आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "आपल्याकडे सारखी पाठ धरते माझी."

मग वाडग्यातलं लिंबू उचललं, हसली, ठेवून दिलं. माझ्याकडे वळली. "आजी, तुम्ही इथेच राहता?"

प्रश्न साधा होता. तिच्या आवाजात खोट नव्हती. मी चिरंजिवांकडे पाहिलं. त्यांनी पाना उचलला होता आणि नळ आवळत होते. नळ गळत नव्हता.

"राहत होते," मी म्हटलं.

ती दोघं मागचं अंगण बघायला गेली, सूनबाई दाखवायला गेली. तो नळ आवळतच होता. आणखी थोडं आवळलं असतं तर नळाचा आटा गेला असता आणि पाण्याचा लोट ओट्यावर आला असता. ओट्याकडे मी पाहिलं. गुळगुळीत, पांढरा, कुणाचाही.

"पाना ठेव," मी म्हटलं. त्याने ठेवला. "काम वाईट झालेलं नाही. टाइल सरळ आहेत, रंग बसलाय, तिला ओटा आवडलाय. घर जाईल. कारागीर म्हणून तुला पास केलं. पण ऐक. तू मला फक्त एक वाक्य सांगायचं होतंस, ते तुला दगड उचलण्यापेक्षा जड वाटलं. सांगितलं असतंस तर मी गेले असते. मुकाट्याने गेले असते. माझा ओटा तेवढा मी जाईपर्यंत माझ्या उंचीचा राहिला असता."