कुसाचा डावा हात

डावखुरं मूल घरात दिसलं की आपण काय करतो? आधी हसतो, मग दटावतो, मग सरळ मारतो! गोटीराम माळ्याच्या घरी याहून वाईट झालं. सांगताना माझाच जीव कासावीस होतो, तरी सांगतो. आज कुणाच्या तरी घरी हेच चाललं असेल.

सन चौतीसची गोष्ट. नाशिकला गंगेकाठी, म्हणजे आपल्या गोदावरीच्या काठी, गोटीरामाचा फुलांचा मळा होता. त्याची बायको मालनबाई रोज सकाळी शेवंतीची पाटी घेऊन बाजारात जायची. त्यांची आठ वर्षांची कुसा दुसरीत होती. त्या घराण्यात शाळेची पायरी चढलेली पहिली मुलगी! मालनबाईला स्वतःला अक्षराची ओळख नव्हती, पण लेकीचा कित्ता हातात धरून ती कौतुकानं बघत बसायची.

त्या वर्षी मोडी लिपी सुरू झाली. वर आधी एक रेघ ओढायची आणि बोरू फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरामागून अक्षर पळवायचं. यात भल्याभल्या पोरांची त्रेधा उडते. कुसाला ते चटकन जमलं, पण डाव्या हातानं! झालं, खंडेराव मास्तरांनी मालनबाईला शाळेत बोलावून घेतलं.

"बाई, सरस्वतीची पूजा कुणी डाव्या हातानं करतं का? घरी हिचा तो हात बांधून ठेवा. चार महिन्यांत वळण लागेल."

मास्तर बोलले ते ब्रह्मवाक्य. दसऱ्याच्या दिवशी मालनबाईनं जुन्या लुगड्याची खोळ शिवली, पोरीच्या डाव्या हातावर चढवली आणि मनगटाशी नाडी आवळली. जेवताना खोळ, खेळताना खोळ, निजतानाही खोळ. कुसा रडायची, तशी तीही रडायची. "तुझ्याच भल्यासाठी हाय गं बाय," म्हणायची आणि गाठ आणखी घट्ट करायची. अहो, वैऱ्यानं केलं असतं तर निदान त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या!

उजव्या हातानं वेडीवाकडी अक्षरं उमटू लागली, पण कुसाची जीभ अडखळू लागली. पोपटासारखी बोलणारी पोर शब्दाशी येऊन थबकायची. ओठ थरथरायचे, डोळे भरून यायचे, शब्द काही फुटायचा नाही. वर्गातली मुलं तिच्या नकला करायची. मालनबाईनं दृष्ट काढली, अंगारा लावला, मंगळवार धरले. कशालाच गुण येईना.

दर गुरुवारी दर्ग्यावर चढवायला तिच्याकडून फुलं घेणारे अब्बासचाचा म्हणून एक म्हातारे विणकर होते. कुसाला घेऊन ती त्यांच्या दारात गेली आणि मागाशेजारी बसून ढसाढसा रडली.

"कधीपासून अडकते ही?" चाचांनी विचारलं.

"दिवाळीपासून."

"आणि हाताला हे काय?"

"खोळ हाय. दसऱ्याला घातली. मास्तर म्हनले."

चाचांनी मागाकडे तोंड वळवलं. मग त्यांनी उजव्या हातानं सुताचा धोटा फेकला, डाव्यानं झेलला, डाव्यानंच परत धाडला.

"बेटी, माझा डावा हात बांधलास तर हे कापड होईल का? देणाऱ्यानं दोन्ही हात दिलेत."

"पन डाव्यानं लिवनं पाप हाय म्हनत्यात!"

"पाप? गेल्या साली हीच पोर डाव्या हातानं शेवंती खुडायची, मी बघितलंय. ती फुलं तू देवळाबाहेर विकलीस, मी दर्ग्यावर चढवली. कुणी परत केली का गं? फुलांना चालतो तो हात अक्षरांना का नाही चालत?"

मालनबाईनं कुसाला पुढं ओढलं. तिनं दातांनी नाडी तोडली. आतून निघाला तो हात! पांढराफटक, बोटं आखडलेली. तो गालाशी धरून तिनं हंबरडा फोडला.

दुसऱ्या दिवशी कुसाला घेऊन ती शाळेत उभी राहिली. "मास्तर, माजी पोर डाव्यानंच लिवल. नायतर तिचं नाव काढा."

मास्तर तडकले. पण त्यांची नजर कुसाच्या हाताकडे गेली. त्यांनी कोटाच्या खिशातला आपला डावा हात बाहेर काढला. त्याच्या पाठीवर भाजल्याचा जुना डाग होता.

"मीही डावखुराच, बाई. वडिलांनी निखारा ठेवला होता. मी नुसता बांधायला सांगितला, मला वाटलं दयाच करतोय..." त्यांनी स्वतः कुसाच्या डाव्या हातात बोरू दिला.

फाल्गुनात शाळा तपासणारे दिपोटीसाहेब परीक्षा घ्यायला आले. कुसाची मोडी बघून खूश झाले.

"वा! कुणाची गं तू?"

मालनबाई दारात उभी होती. कुसाचे ओठ हलले, मान ताणली गेली, डोळे पाण्यानं भरले. आईचं नाव काही केल्या येईना! शेवटी तिनं डावा हात उचलला आणि दाराकडे बोट केलं. मालनबाईनं तोंडात पदर कोंबला.

अक्षर परत आलं हो, वाचा आली नाही. पुढं कुसाच्या पोरांनीही तिला तशीच अडखळताना ऐकलं. मास्तर वाईट नव्हते, आई तर नव्हतीच. रूढीला वाईट माणसं लागतच नाहीत, आपल्यासारखी भली माणसं तिला पुरतात! तेव्हा बंधूंनो, भगिनींनो, वळण लावायचं ते अक्षराला लावा, लेकराच्या हाताशी झगडू नका. आज तुमचं मूल पाटी घेऊन बसेल तेव्हा पेन्सिल कुठल्या हातात आहे ते बघा. डाव्या हातात असेल, तर तुम्हाला त्या मालनबाईची शपथ आहे, तिथंच राहू द्या.