कुणाच्या नावाची मूठ

चारुलताला धाकट्या भावाचा हेवा वाटायचा. उगाच गोड शब्दांत कशाला सांगायचं, चांगला जळफळाट व्हायचा तिचा. हितेंद्र नोकरीसाठी बर्लिनला गेला त्याला नऊ वर्षं झाली. शहराच्या अगदी मध्यवस्तीत त्याचं भाड्याचं घर. खाली ट्राम, समोर वाचनालय, पाच मिनिटांवर भाजीबाजार. दर रविवारी तो फोनवर खिडकीबाहेरचं दाखवायचा आणि धुळ्यातल्या घरात आई, शेवंताबाई, तव्यावरची पोळी करपेपर्यंत बघत बसायची. चारुलता नेमकी तेव्हाच मिक्सर लावायची.

लग्न मोडून ती माहेरी आली त्याला सात वर्षं झाली. पहाटे उठून वडिलांना, म्हणजे आबांना, इन्सुलिन द्यायचं, स्वयंपाक उरकायचा आणि एसटीनं साक्रीकडच्या शाळेत शिकवायला जायचं. गॅस, औषधं, लाइटबिल, सगळं तिच्याकडंच. पण पाहुणा आला की आई सांगायची, "आमचा हितेंद्र बर्लिनला असतो." चहाचा ट्रे घेऊन समोर उभ्या असलेल्या लेकीबद्दल काही सांगावं, हे तिच्या मनातही येत नसे.

श्रावणात कानबाई, खान्देशात घरोघरी बसवतात ती देवी, आली. तुम्ही खान्देशातले असाल तर तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू कसा मोजतात ते तुम्हाला माहीत असेल. या घरात पिढ्यान्पिढ्या एकच रीत होती. प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ, बायकांच्या नावानं काही नाही. आपली मूठ पडताना बघायला हितेंद्र दर वर्षी व्हिडिओ कॉल लावायचा. फोन धरायचं काम अर्थात चारुलताचं, आजही.

शेवंताबाईंनी परातीत गहू टाकला. "ही आबांची." मग पुन्हा मूठ भरली. "ही माझ्या हितेंद्रची."

"झालं?" चारुलतानं विचारलं.

"झालं की. दोनच तर पुरुष आपल्यात."

"आई, नऊ वर्षांत तो दोनदा आलाय. त्याची मूठ पडते. मी रोज इथं असते, माझी?"

"वेडी का तू? लेक सासरची असते."

"माझं सासर कुठंय, आई?"

शेवंताबाईंचा हात परातीतच राहिला. चारुलताचा आवाज चढला. "मला त्याचा राग येतो. तो तिकडं मजेत राहतो आणि घर त्याचं. मी इथं मरमर मरते आणि मी पाहुणी!" तिला रडू फुटलं.

कोपऱ्यात आबांची थोरली बहीण, धुरपदा आत्या, लसूण सोलत होती. विधवा होऊन ती तरुणपणीच या घरी आलेली. तिनं सूप बाजूला ठेवलं. "शेवंता, पंचेचाळीस वरीस मी या घरमा शे. मन्ही मूठ कोनी टाकी नही, आनि मीबी कधी बोलनू नही. मन्हं चुकनं. आते सांग, कानबाई काय बाप्या शे?"

"नाही हो अक्का, बाईच आहे."

"मंग बाईले बाईनी मूठ चालस नही, हाई कोनी सांगं तुले?"

तेवढ्यात फोनमधून हितेंद्र बोलला, "ताई, मी मजेत आहे म्हणतेस ना? या इमारतीत अकरा घरं आहेत. मला एकाचंही नाव माहीत नाही. मार्चमध्ये चार दिवस तापानं पडून होतो, दाराशी कुणी आलं नाही. खिडकी छान आहे, म्हणून तीच दाखवतो. तुला दिवसभर कुणी ना कुणी हाक मारतं, त्याचा मला फार हेवा वाटतो गं."

चारुलतानं फोन जवळ घेतला. नऊ वर्षं ज्याच्यावर जळत होतो तोच आपल्यावर जळतोय, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

शेवंताबाई हळू आवाजात म्हणाल्या, "माझी तरी कुणी टाकली होती? म्हणून मला सुचलंच नाही गं पोरी." त्यांनी भरून मूठ घेतली. "ही माझ्या चारूची." मग आणखी एक घेतली. "ही अक्कांची."

चारुलतानं फोन आत्याच्या हातात दिला आणि परातीशी बसली. "ही माझ्या आईची," म्हणत तिनं मूठ टाकली. शेवंताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. बासष्ट वर्षांत त्यांच्या नावानं पडलेला तो पहिला गहू होता.

मग चारुलता भावाला म्हणाली, "हितू, तू आज शेजारचं दार वाजव. आपलं नाव सांग, त्यांचं विचार. नुसतं इथं मोजलं जाऊन तुझं भागायचं नाही."

वाचकहो, माणूस जिथं राहतो, राबतो, आजारी पडतो, तिथं तो कुणाच्या तरी हिशेबात असला पाहिजे. ती लेक असो की विधवा आत्या, की परमुलखातून आपल्या गल्लीत राहायला आलेलं कुणी. रीत मोडायला कुणी सांगत नाही. परातीशी बसण्याआधी घरात एकदा नजर फिरवा आणि कोण राहिलंय ते बघा.