बेटावरचा स्वयंपाक

बाळ आठवल्यांनी कपाट पुन्हा एकदा उपसलं. पासपोर्ट नव्हता.

मुंबईच्या विमानतळावर नेणारी गाडी कुठल्याही क्षणी शनिवार पेठेत येणार होती आणि आज ते मॉरिशसला निघाले होते. एकटेच. पासपोर्ट त्यांनी काल स्वतःच्या हाताने खणात ठेवला होता. त्यानंतर घरात फक्त गंधार, त्यांचा मुलगा, येऊन गेला होता.

तेवढ्यात दाराचं कुलूप उघडलं. भर कामाच्या दिवशी खराडीचं ऑफिस सोडून गंधार बुटांसकट आत आला, तेव्हाच बाळ काय ते समजले.

"दे," ते म्हणाले.

"काय?"

"पासपोर्ट. साठी उलटली माझी, पण बुद्धी जागेवर आहे."

"बाबा, जरा बसा."

"बसायला वेळ नाही. गाडी येतेय."

"थांबेल गाडी."

"आपल्या गल्लीत?"

गंधार हसला नाही. दारावर लावलेली पुठ्ठ्याची पाटी त्याने काढून आणली होती. ती त्याने वडिलांसमोर धरली. अक्षर बाळ यांचंच होतं. 'दूध, पेपर बंद. बेल वाजवू नये. चौकशी करू नये.'

"हे काय आहे?"

"पाटी. वाचता येतं ना?"

"आईच्या साड्या वाटून टाकल्यात. कढीपत्त्याची कुंडी खालच्या काकूंना देऊन टाकलीत. परवा मला बँकेचं सगळं समजावत बसलात. आणि आता समुद्राकाठच्या घरात एकटे जाऊन राहणार, जिथे साधं ताट आणून द्यायला कुणी नाही. मी काय समजायचं?"

बाळ यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. पोरगं घाबरलं होतं.

ते घर त्यांच्या बायकोने, सुहासिनीने शोधलं होतं, गेल्या हिवाळ्यात. बेटाच्या शांत बाजूला, समुद्रासमोर. हॉटेल नाही, जेवण मिळत नाही. स्वयंपाकघर आहे, आपलं आपण रांधायचं. बाळ म्हणाले होते, "इतक्या लांब जाऊन परत पोळ्याच लाटायच्या? मग सुट्टी कसली?"

"लाटायच्या तुम्ही," ती म्हणाली होती. "मी समुद्राकडे तोंड करून बसणार आणि आयतं जेवणार. जन्मभर तुम्ही जेवलात तशी."

त्यांनी कबूल केलं. मग तिचं दुखणं निघालं. बाळ स्वयंपाक शिकले तो तिच्या आजारपणात. ती अंथरुणातून चव घेऊन सांगायची, गूळ जास्त झालाय, फोडणी करपली. आमटी जमायला लागली तोवर तिचं जेवण सुटलं होतं. वैशाखात ती गेली. घर बुक केलेलं तसंच राहिलं.

बाळ यांनी बॅग उघडली. शर्टांच्या वर गोड्या मसाल्याचा स्टीलचा डबा होता. शेजारी टॉवेलात गुंडाळलेलं लाटणं.

"डाळ, कणीक तिथे मिळते. घरमालकिणीला विचारलंय. जीव द्यायला निघालेला माणूस लाटणं घेऊन जातो का रे?"

लाटणं आईचं होतं. गंधारचे डोळे भरले. पण त्याने खिशातला पासपोर्ट बाहेर काढला नाही.

"मग पाटीवर तारीख का नाही? लोणावळ्याला दोन दिवस गेलो तरी आई लिहायची. अमक्या वारी परत, अमक्या वारपासून दूध."

फोन वाजला. ड्रायव्हर असणार. बाळ यांनी उचलला नाही.

विसरलो, असं म्हणता आलं असतं. पण ते विसरले नव्हते. पाटी लिहिताना पेन तिथेच अडलं होतं. बेटावरचं स्वयंपाकघर त्यांना लख्ख दिसत होतं. पहिल्या दिवशी आमटी-भात, खिडकीत समुद्र, दोन पानं मांडलेली. त्यापुढचं काही दिसत नव्हतं. तिकीट काय, परतीचं काढावंच लागतं.

"बाबा. परत येणार ना?"

शाळेच्या फाटकाशी सोडताना यायचा, तसा आवाज.

"पाटी लिहिली तेव्हा माहीत नव्हतं," बाळ म्हणाले.

गंधारचा चेहरा पांढरा पडला. फोन पुन्हा वाजला. खाली हॉर्न सुरू झाले आणि कुणीतरी ओरडलं, "अहो, गाडी काढा! रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे?"

"आणि आता?" गंधारने विचारलं.

बाळ खुर्चीत बसले. पाटी मांडीवर घेतली, पेन उघडलं. मग लिहिलं, 'गुरुवारी परत. शुक्रवारपासून दूध.' पुढे हात सवयीने 'एक लिटर' लिहायला गेला आणि थांबला.

'अर्धा लिटर,' त्यांनी लिहिलं.

गंधारने ते वाचलं. खिशातून पासपोर्ट काढून बॅगेवर ठेवला आणि त्यांच्या हातातलं पेन घेतलं. 'चौकशी करू नये' ही ओळ त्याने आडवी खोडली.

"रोज फोन करणार मी. काय शिजवलंत ते सांगायचं. करपलं तरी सांगायचं."

बाळ पाटीकडे बघत होते. "खाडाखोड केलेली पाटी तुझ्या आईने दारावर लावू दिली नसती."

"मग गुरुवारी येऊन नवी लिहा," गंधार म्हणाला आणि त्याने बॅग उचलली.