फील्डमधली आजी

माझी नात मला चारचौघांत 'तुम्ही' म्हणाली. यात काय एवढं, असं ज्यांना वाटतं त्यांनी इथेच थांबावं. बोलायला लागल्यापासून ती मला 'ए आजी' म्हणते, 'तू' म्हणते, चिडली तर 'ए म्हातारे' म्हणते, आणि त्याचं मी कधी वाईट वाटून घेतलं नाही. पण त्या दिवशी ती माझ्याच दारात उभी राहून म्हणाली, "नमस्कार आजी. तुम्हाला थोडा वेळ आहे का?"

आमचा इस्त्रीचा धंदा. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे पडदे, गल्लीतले शर्ट. मुलगा कपडे आणतो-पोचवतो, सून धुते, इस्त्री माझ्याकडे आणि घरातला शब्दही माझाच. नातीला घरात भिंगरी म्हणतात, एका जागी कधी बसली नाही म्हणून. सध्या ती विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकते. साथी कशा पसरतात, लहान पोरं कशाने दगावतात, असलं जगभरचं. मी विचारलं होतं, "म्हणजे तू सुया टोचणार?" तर म्हणाली, "नाही गं, सुई टोचायची वेळच येऊ नये, ते शिकतेय." मला ते इतकं आवडलं की येईल त्या गिऱ्हाइकाला मी ऐकवलं. ती हॉस्टेलवर राहते. सुट्टीला कपड्यांचं गाठोडं घेऊन येते आणि कडक इस्त्री करून नेते.

तर त्या दिवशी मुलगा-सून चादरी पोचवायला गेले होते, आणि तिच्याबरोबर आणखी पोरं होती. सगळ्यांच्या अंगात सारखी निळी जाकिटं, गळ्यात ओळखपत्रं, हातात टॅब. मागे त्यांचे सर. मला आधी आनंदच झाला. वाटलं, पोरीने सरांना घर दाखवायला आणलं. "अगं भिं…" एवढं तोंडातून निघालंही. तेवढ्यात तिने माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मी ओळखते. लहानपणी काही फोडलं की 'आईला सांगू नकोस' म्हणून अशीच बघायची. मी इस्त्री उभी केली आणि शब्द गिळला.

"आम्ही आरोग्याची पाहणी करतोय, आजी. तुमची परवानगी असेल तरच प्रश्न विचारू. मध्येच थांबावंसं वाटलं तर सांगा. आणि तुमचं नाव कुठेही येणार नाही."

"ते दिसतंच आहे," मी म्हटलं.

सर हसले. म्हातारी गमतीची आहे असं वाटलं असणार त्यांना.

"घरात कोण कोण असतं?"

"मुलगा, सून, मी."

"आणखी कोणी?"

टॅबवर तसं होतं, म्हणून विचारलं तिने. मी तिच्या बाहीकडे बघत होते. जाकिटातून कुडत्याची बाही बाहेर आली होती आणि तिच्यावरची धार माझ्या हातची होती.

"एक नात आहे. शिकायला गेलीय."

"ती घरातलीच धरायची का?"

"ते तिला विचारावं लागेल."

तिचं बोट थांबलं. मग तिने काहीतरी दाबलं आणि पुढच्या प्रश्नावर गेली. पिण्याचं पाणी कशात साठवता? कोपऱ्यातला तोटीचा पिंप तिनेच आणलेला, पाण्यात हात बुडवायचा नाही म्हणून माझ्याशी कडाकडा भांडून. मी म्हटलं, "त्या पिंपात. नात हटून बसली म्हणून." सरांनी वाकून पिंप पाहिला, झाकण पाहिलं, फार खूश झाले. ऊन मरणाचं होतं. मी पेले भरून पुढे केले. पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"राग मानू नका आजी," सर म्हणाले, "फील्डमध्ये कुणाच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, असा आमचा नियम आहे."

आणि माझ्या नातीने पाठीवरच्या पिशवीतून आपली बाटली काढून माझ्यासमोर घोट घेतला.

निघताना सर तिला म्हणाले, "छान बोललीस. अगदी घरच्या माणसासारखी. हे शिकवून येत नाही."

ती "थँक्यू सर" म्हणाली. भरलेले पेले मी पिंपात परत ओतले नाहीत, मोरीत ओतले.

संध्याकाळी, मुलगा-सून परतायच्या आत, ती एकटी आली. जाकीट नव्हतं. आली तशी पिंपाकडे गेली आणि पेला भरून घटाघटा प्यायली.

"आता चालतं वाटतं?" मी म्हटलं.

"ए आजी, रागावू नकोस ना. कुठली गल्ली करायची त्याच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या, नेमकी आपली आली. नात्यातलं घर करायचं नाही असा नियम आहे."

"मग शेजारचं करायचं."

"सरच दारात थांबले. काय करणार मी?"

"सांगायचं. हे माझं घर आहे, ही माझी आजी. जिभेला काय झालं होतं?"

तिने पेला विसळून पालथा घातला. मग हळूच बोलली. पहिल्या दिवशी वर्गात सगळ्यांनी आपापलं घर सांगितलं. कुणाचा बाप डॉक्टर, कुणाची आई वकील. ही म्हणाली, आमचा कापडाचा व्यवसाय आहे.

"खोटं कुठे आहे त्यात?" असं वर मलाच विचारलं.

"नाही बाई. कापड आहेच. लोकांचं आहे एवढंच."

"आजी, ऐक ना. उद्या सर पाहुण्यांना घेऊन येणार आहेत, आपला पिंप दाखवायला. बाहेरदेशी काम करायला आमच्या वर्गातून एकालाच पाठवणार आहेत. आत्ता खरं कळलं तर माझं नाव गेलंच. ते आतल्या खोलीतही येतील." तिने आत बोट दाखवलं. "तिथला माझा फोटो तेवढा काढूया. आणि आईला उद्या कुठेतरी कामाला पाठव. तिला मला बघून गप्प बसणं जमायचं नाही."

"मला जमलं."

"तू हुशार आहेस."

पुढे म्हणाली, "मी हे असल्याच घरांसाठी करतेय ना?"

असल्याच घरांसाठी! बोलून गेली आणि तिचं तिलाच कळलं. पण परत घ्यायला ते काही गिऱ्हाइकाचं कापड नव्हतं.

मी आत गेले. ती पदवी घेतेय तो फोटो, काळा झगा घातलेला. झगा भाड्याचा होता, त्यालाही इस्त्री मीच केली होती. खिळ्यावरून काढला, काच पुसली, तिच्या हातात दिला. ती रडायला लागली. मी डोळे पुसले नाहीत, ना तिचे ना माझे.

म्हटलं, "उद्या ये. दार उघडीन, विचारशील ते सांगीन, तुझ्या आईलाही धाडून देईन. माझ्यामुळे तुझं काही अडायचं नाही. तू पुष्कळ पुढे जाशील पोरी, कारण जे तुझे कुणी नाहीत त्यांच्याशी तू फार गोड वागतेस, आज बघितलंय मी. आता मला त्यांच्यातच धर. यापुढे मला तुम्हीच म्हण, सुट्टीतसुद्धा. आणि उद्या येताना तुझी पाण्याची बाटली विसरू नकोस."