कापसाच्या खोलीतला तास

शेवटचा स्क्रू निघाला आणि अकीलने लॅपटॉपची पाठ नखाने हळूच उचलली. बॅटरीचा उजेड धरायला उभे केलेले अर्जुनराव इतके खाली वाकले, की त्याला म्हणावंच लागलं,

"काका, उजेड पाडा. सावली नोका पाडू."

अकील कंपनीचा माणूस, नांदुऱ्याहून मोटरसायकलवर आलेला. लॅपटॉप अर्जुनरावांच्या काजलचा. पुण्याच्या एका क्लाससाठी ती घरबसल्या पोरांना गणित शिकवायची, पण हल्ली लॅपटॉप तापून भर तासात बंद पडे. आजही पडला तर आम्ही दुसऱ्या बाई बघू, असं क्लासवाल्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. वॉरंटी होती, पण वापरणाऱ्याची चूक निघाली की तीही गेली.

आणि चूक तर आढ्यापर्यंत पोचलेली. धामणगाव बढ्यातल्या निम्म्या घरांसारखी इथलीही चांगली, कोरडी खोली कापसाला दिलेली. कापूस आत भावाची वाट बघत, माणसं ओसरीत. काजल त्याच ढिगावर बसून शिकवायची, आणि मऊ म्हणून लॅपटॉपही कापसावरच ठेवायची. सकाळी आई शालूबाईने ढिगावर दोन चादरी टाकल्या होत्या. चादरीने हत्ती झाकतो होय!

अकीलने चिमट्याने पंख्याजवळून काहीतरी ओढून काढलं. दाबून बसलेली पांढरी पट्टी.

"हे कायचं?"

"धूळ असंल," काजल खाली मान घालून म्हणाली.

अर्जुनरावांना ते सोसलं नाही. "कापूस हाय. माहा. पोरीले बसाले दुसरी जागाच नाई देल्ली मी."

शालूबाईने कपाळावर हात मारून घेतला. काजलचा चेहरा उतरला.

अकील मात्र हसला. "माह्याही घरी हेच हाय, काका. आतली उष्णता ओढनारी पेस्ट वाळली, ते वॉरंटीत बसते. पन पुढच्या खेपेले कापूस निघाला तर कंपनी ऐकनार नाई."

तो जुनी पेस्ट पुसायला लागला, तसा अर्जुनरावांनी मोठ्या मनाने मूठभर कापूस पुढे केला.

"नको. याचे तंतू राह्यते."

फडक्याने वाळकी खपली निघाली आणि खाली नखाएवढा चौकोन आरशासारखा चमकला.

"सारं काम याच्यात चालते," अकील म्हणाला. "पंखा, तांब्याची नळी, बाकी सगळं याले थंड ठेवासाठी."

अर्जुनराव बघतच राहिले. लहानशा पाकिटातला चमत्कार त्यांनी आधीही पाहिला होता. बीटी बियाणं आलं त्या वर्षी बोंडांनी वाकलेली झाडं बघायला शेजारगावची माणसं आली होती. पुढे त्याच बोंडांत गुलाबी अळी निघाली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. तरीही ज्वारीच्या दाण्याएवढी करडी पेस्ट त्या चौकोनावर बसली, तेव्हा त्यांनी श्वास रोखला.

अकील गेला. काजलने लॅपटॉप पाटावर ठेवला आणि तास सुरू झाला. अर्जुनराव दारातच थांबले. लॅपटॉप बंद पडेल या भीतीने ते थांबले होते, पण थोड्या वेळाने ती भीतीच विसरले. कुठली कुठली पोरं तिला मॅडम म्हणत होती. एकाला अपूर्णांक काही केल्या उमजेना. काजलने भाकरीचे तुकडे पाडून सांगितलं, मग शेताचे वाटे पाडून सांगितलं, आवाज जराही न चढवता. शेवटी ते पोरगं "आलं, आलं!" म्हणून ओरडलं आणि अर्जुनरावांच्या अंगावर काटा आला. आपल्या घरात हे रोज घडत होतं, आणि आपण ओसरीत बसून भावाच्या गप्पा मारत होतो, याची त्यांना लाज वाटली. त्या लाजेहून मोठं असंही काहीतरी छातीत दाटलं होतं. त्याला काय म्हणावं ते त्यांना कळेना.

पावलं न वाजवता ते अंगणात आले आणि त्यांनी निवृत्ती व्यापाऱ्याला फोन लावला.

"गाडी धाडा. आजच. हाव, सगळाच."

शालूबाई धावत आली. "अवं, भाव काय देऊन राह्यला तो?"

"इचारलाच नाई," अर्जुनराव म्हणाले. "अन् हळू बोल. मॅडमचा तास चालू हाय."